बावीसशे रुपयांत ओमाकासे: जालना रोडवरच्या आठ खुर्च्या

ओमाकासे ही सुशी खायची जपानी पद्धत, त्यात मेन्यूकार्ड नसतं. काय वाढायचं ते शेफ ठरवतो, एकेक घास समोर बांधून देतो आणि आपण तो लगेच खायचा. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या या छोट्या काउंटरवर १० निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, म्हणजेच एकेक घास), १ हँडरोल (शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात-मासा), अंड्याचा तामागो (गोडसर ऑम्लेट) आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप एवढ्याचे २,२०० रुपये होतात, वर ५ टक्के जीएसटी. पंगती दोनच, संध्याकाळी सातची आणि रात्री नऊची.

एवढ्या कमी भावात परवडतं कसं, हा पहिला प्रश्न. माणसं आधीपासून ठरलेली आणि पदार्थही ठरलेले, त्यामुळे मासा मोजून काढता येतो आणि वाया जवळपास काहीच जात नाही. शिवाय ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार तुकडा, समुद्री अर्चिन (एक काटेरी समुद्री जीव) असल्या महागड्या वस्तू इथे ठेवलेल्याच नाहीत. हा निर्णय योग्य आहे. या भावात कोणी त्या देत असेल तर शंका घ्यावी.

मासा गोठवलेला असतो, आणि तसाच असायला हवा. समुद्रापासून तीन-साडेतीनशे किलोमीटरवर ‘आजचा ताजा मासा’ कच्चा खायची हौस बाळगू नये. माशातल्या कृमी मारायला तो उणे २० अंशांवर ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांवर १५ तास ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजरच्या भरवशावर हे करायचं नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईचा माल एका रात्रीत शहरात येतो, हे खरं. पण गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत. म्हणून माशाचा बर्फ सुटल्यावर तो किती थंड ठेवला, यावर सगळं अवलंबून असतं. इथे काउंटरवरच्या काचेच्या पेटीत थर्मामीटर समोर दिसतो, तो ४ अंशांच्या आत असावा. आणि नाथसागरातला, म्हणजे जायकवाडी धरणातला, रोहू किंवा मरळ कितीही ताजा असला तरी कच्चा खायचा नाही. गोड्या पाण्यातल्या माशांतले परजीवी माणसाच्या अंगात घर करतात. तो तळून किंवा रश्श्यातच.

कुपा, म्हणजे आपला ट्यूना, इथे बर्फातून चांगला सोडवलेला असतो. कोमट मिठाच्या पाण्यात थोडा वेळ, मग पुसून, कागदात गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. घाईने उघड्यावर सोडवला तर पाणी सुटतं, तुकडा मऊ पडतो आणि खालचा भात ओला होतो. इथे भात कोरडा राहतो. नॉर्वेचा सामन ठीक, विशेष काही नाही. कोळंबी उकडलेली आणि किंचित जास्त शिजलेली.

पण स्वस्त ओमाकासेत माशापेक्षा भात बघावा, कारण मासा विकत घेता येतो, भात रोज जमवावा लागतो. तांदूळ जपानी जातीचा, आखूड आणि जाड दाण्याचा. बऱ्याच ठिकाणी पैसे वाचवायला आंबेमोहर घालतात. तो चिकट असतो खरा, पण दाणा मोडतो आणि त्याचा सुवास माशावर चढतो. इथे तो प्रकार नाही. धुतलेला तांदूळ अर्धा तास भिजवून शिजवायचा, गरम असतानाच लाकडी परातीत काढून त्यावर व्हिनेगर, साखर आणि मीठ घालायचं आणि उलथन्याने कापल्यासारखं हलवायचं. ढवळलं की लगदा झालाच. घास हातात घेऊन बघा: १२ ते १५ ग्रॅमचा, अंगाच्या उबेइतका कोमट, बोटांत न सुटणारा आणि जिभेवर टेकताच दाणा दाणा मोकळा होणारा. सातच्या पंगतीत पहिले सहा-सात घास अगदी असेच येतात. या पैशांत हे फार मोठं काम आहे.

नऊच्या पंगतीला मात्र हाच भात पडतो. सगळा भात साडेसहाला एकदाच लावतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, त्यातही एसीखाली, ओलं फडकं टाकूनही वरचे दाणे कडक होतात. अर्धा-अर्धा दोनदा लावला तर हा दोष उद्या जाईल. फ्रीजमध्ये ठेवत नाहीत एवढं बरं, तिथे तो आणखी घट्ट होतो.

दुसरी खोट क्रमाची. हलक्या चवीकडून जड चवीकडे जायचं असतं. इथे बांगडा चौथ्या क्रमांकाला देतात. तासभर मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला हा बांगडा उत्तम आहे, पण त्याची चव तोंडात रेंगाळते आणि मागून येणारं माकूळ पांचट लागतं. बांगडा खाताना जीभ चुरचुरली किंवा तिखटसर लागलं तर घास बाजूला ठेवा आणि शेफला सांगा. मासा मध्येच कुठेतरी उन्हाळ्याच्या उष्णतेत राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही, गोठवूनही नाही.

सोया सॉस शेफ ब्रशने लावूनच देतो, वेगळी वाटी मागू नका. वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) ट्यूबमधली, म्हणजे बहुतेक हॉर्सरॅडिश आणि मोहरी. या दरात तक्रार करण्यासारखं नाही. नाक झिणझिणत असेल तर सुरुवातीलाच ‘दादा, वासाबी कमी लावा’ म्हणावं. आल्याचं लोणचं दोन घासांच्या मध्ये खायचं, घासावर ठेवून नव्हे. हाताने खाल्लं तरी चालतं. हँडरोलचा नोरी, म्हणजे शेवाळाचं कागदासारखं पान, ऐनवेळी शेकून देतात. उन्हाळ्यात तो कुरकुरीत राहतो, पावसाळ्यात मिनिटाभरात चामट होतो, तेव्हा फोटो नंतर.

शाकाहारी थाळी १,६०० रुपयांची आहे: वांगं, शिताके अळंबी, काकडी, सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या. वांग्यावरचा मिसो मस्त. पण सावध राहा. मिसो सूपचं पाणी साधारणतः सुकवलेल्या माशाचं असतं, आणि ब्रशने लावायच्या सॉसमध्ये मिरिन आणि साके, म्हणजे मद्य, पडतं. माळकरी मंडळींनी एक दिवस आधी फोन केला तर समुद्री शेवाळ आणि शिताकेच्या पाण्याचं सूप आणि साधा सोया सॉस मिळतो; ऐनवेळी मिळत नाही. गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारातून उठलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. त्यांना शिजवलेले घास देतात, तेही आधी सांगितलं तरच.

शनिवार-रविवार आठवडाभर आधी भरतो. पंधरा मिनिटं उशीर झाला तर सुरुवातीचे घास गेले, ते परत वाढत नाहीत. बुकिंग सातचंच घ्या. नऊचीच जागा उरली असेल तर फोनवर एवढंच विचारा, भात दुसऱ्यांदा लावणार का. नाही म्हणाले तर दुसरा दिवस बघा.