मरूनवर पांढरी अक्षरं: चार रंगांतून की स्पेशल शाईत?

कवितासंग्रह असो, स्मरणिका असो की दिवाळी अंक. मुखपृष्ठाला गडद सॉलिड (सलग भरलेला रंग) आणि त्यावर रिव्हर्समध्ये मॅटर (शाई न लावता कोरी सोडलेली अक्षरं) असं ठरलं, की पैशांचा प्रश्न येतोच. तो सॉलिड नेहमीच्या चार रंगांतून (सायन म्हणजे निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो आणि ब्लॅक) काढायचा, की स्पेशल, म्हणजे त्याच शेडची आधीच मिसळलेली एक शाई घ्यायची? दोन्ही प्रकारे कामं केली आहेत, म्हणून लिहितो. फाइल छपाईसाठी तयार कशी करायची, ते तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

चार रंगांची बाजू अजिबात लेचीपेची नाही. मुखपृष्ठावर रंगीत फोटो असेल तर त्या चार प्लेटा (छपाईत दर शाईला एक) तशाही लागणारच, सॉलिड त्यातच निघून जातो. कुठलाही प्रेस काम घेतो. पुढे शंभर प्रती डिजिटलवर काढायच्या झाल्या तरी फाइल तीच चालते. स्पेशलचं तसं नाही: पाचवी प्लेट, शाई तयार करणं, मशीनचं त्या शाईचं युनिट धुणं, आणि मशीन चार रंगी असेल तर शीट पुन्हा एकदा मशीनवर. अर्थात फोटोच नसेल, नुसती अक्षरं आणि रेखाटन असेल, तर हिशेब उलटा होतो; एका प्लेटेत काम भागतं.

शेडचं म्हणाल, तर चार रंगांतला मरून छपाई चालू असताना थोडा इकडेतिकडे होतो. मॅजेंटा वाढला की लालसर, ब्लॅक वाढला की चॉकलेटी. दुकानात दोन प्रती शेजारी ठेवून कोण बघतंय, असं म्हणून मी ते सोडून देतो.

माझं गाडं अडलं ते रजिस्ट्रेशनवर, म्हणजे सगळ्या प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसण्यावर. मरून म्हणजे समजा मॅजेंटा १०० टक्के, यलो ७०, ब्लॅक ४५. पांढऱ्या अक्षराला शाई नसते, त्याची जागा या तिन्ही प्लेटांवर कोरी सोडलेली असते. त्या कोऱ्या जागा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरच अक्षर पांढरं दिसतं. ठळक शीर्षकाला थोडी सरकासरक पचते. पाठीमागच्या ९ पॉइंटातल्या मजकुराला नाही. त्या आकारात साध्या वजनाची (जाडीची) बारीक रेघ जेमतेम पाव मिलिमीटरची, प्लेट ०.१ मिमी सरकली तरी तिचा बराच भाग गेला. असं एक मलपृष्ठ भिंगाखाली धरलं होतं. ‘सिद्धांत’ या शब्दात शिरोरेषेची वरची कड गुलाबी, खालची मळकट हिरवट, ‘द्ध’मधली फट बुजलेली आणि अनुस्वार अर्धा पांढरा, अर्धा गुलाबी. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, फक्त मजकूर पुसट वाटतो आणि वाचणारा चष्मा पुसतो.

मशीनमनला बोल लावण्यात अर्थ नाही. दमट हवेत कागद ताणतो, आणि दोन रंगी मशीनवर चार रंगांचं काम दोनदा घालायचं असेल तर मधल्या वेळात आणखी ताणतो. आपले दिवाळी अंक छापले जातात ते नेमके पावसाळा सरता सरता.

त्यात देवनागरीची वेगळीच अडचण. रोमन अक्षरं रिव्हर्स करताना ती जरा सुटी करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. इथे ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषाच तुटते. म्हणजे हातात राहतं फक्त वजन आणि आकार. मी ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरत असेन तर रेग्युलरऐवजी मीडियम किंवा सेमीबोल्ड घेतो, आणि १० पॉइंटाच्या खाली शक्यतो जात नाही.

स्पेशलमध्ये अक्षर एकाच प्लेटेवर कोरलेलं असतं. ते सरकून सरकणार कशाशी? मॅपलिथोसारख्या शोषणाऱ्या कागदावर शाई पसरून बारीक फटी भरतात, ते इथेही होतं. पण रंगीत कड नाही. आणि अक्षरं पांढरी नको, सायीच्या रंगाची हवी असतील, तर नॅचरल शेडचा कागद घ्यायचा. अक्षर कागदाचाच रंग घेतं. यलो-मॅजेंटाच्या हलक्या टिंटमधून (बारीक ठिपक्यांनी छापलेल्या फिक्या छटेतून) तीच साय काढली, तर अक्षराच्या पोटात ठिपके येतात.

स्पेशलचे स्वतःचे नखरे आहेत. २०२२च्या नोव्हेंबरनंतर अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोन या कंपनीच्या बऱ्याच लायब्ररी (स्पेशल शेडच्या याद्या) गेल्या. तसं त्यावाचून अडत नाही. फाइलमधलं स्पॉट, म्हणजे स्पेशल रंगाचं नाव हे प्लेटेचं लेबल असतं. शेड ठरते ती छापील शेडकार्डवर बोट ठेवून. मात्र एकाच मरूनला दोन नावं पडली, तर प्लेटाही दोन निघतात. सेपरेशन प्रिव्ह्यूमध्ये (स्क्रीनवर प्लेटा वेगवेगळ्या दिसतात तिथे) ते एकदा बघावं. तिथेच पांढऱ्या मॅटरला ओव्हरप्रिंट (खालच्या रंगात जागा कोरी न सोडता वरून छापणं) लागलेलं नाही ना, तेही दिसतं; लागलं असेल तर छापताना अक्षरं चक्क गायब.

फोटो आहे आणि पाचव्या प्लेटेला प्रकाशक तयार नाही, असं असेल तर चार रंगांतच करा, पण शाया कमी ठेवा. मरूनमध्ये सायन घालूच नका. यलो सरकला तरी पांढऱ्यावर फारसा जाणवत नाही, त्यामुळे सांभाळायच्या प्लेटा राहतात दोनच. शीर्षक तेवढं रिव्हर्समध्ये ठेवा आणि मलपृष्ठाचा बारीक मजकूर हलक्या पट्टीवर नुसत्या काळ्यात घ्या. फोटो नसेल तर मी प्रकाशकाला पहिलं कोटेशन स्पेशलचंच दाखवतो, आणि उरलेली शाई डब्यावर पुस्तकाचं नाव घालून दुसऱ्या आवृत्तीसाठी ठेवायला प्रेसला सांगतो.