केंद्रात भरती, सकाळची गोळी की संध्याकाळची मीटिंग?

दारू सोडायची यावर घरात एकमत झालंय, आता फक्त कशी सोडायची एवढंच उरलंय, अशांसाठी हे लिहितोय. दारूने काय होतं ते सांगत बसत नाही. पिणाऱ्याला ते बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. मी पिणाऱ्यांपैकीच. व्यसनमुक्ती केंद्र, दारू सोडवणारी गोळी आणि पिणाऱ्यांची आपसातली मीटिंग, या तिन्ही वाटांनी गेलोय, त्यातल्या एकीवर अजून चालतोय. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, तेव्हा माझ्या मताला तेवढंच वजन द्या.

एक गोष्ट मात्र तुलनेत धरायचीच नाही. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि थोडी पोटात गेल्याशिवाय थांबत नाहीत, किंवा आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली, भास झाले, अशा माणसाने घरात कोंडून घेऊन एकदम दारू बंद करू नये. फिट आली तर साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. घाम, ताप, भिंतीवर किडे दिसणं, असंबद्ध बडबड हा भयंकर प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो. हे दिवस डॉक्टरच्या नजरेखाली काढायचे. लिब्रियमसारखी शांत करणारी औषधं उतरत्या मात्रेने देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेणार असाल, तर पेशंट रोजचा पिणारा आहे हे आधी सांगा. ग्लुकोजच्या आधी बी-१ द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा व्हायची भीती असते. पुढे केंद्रात जा, गोळी घ्या किंवा मीटिंगला जा, हा टप्पा सगळ्यांना सारखाच. खरा प्रश्न त्यानंतरचा.

आता केंद्र. महाराष्ट्रात हा विषय निघाला की पुण्याचं मुक्तांगण आठवतं. १९८६ साली, गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोरं वाया जात होती त्या काळात, डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा त्यांना मोठा आधार होता. पाच आठवड्यांचा मुक्काम, ठरलेली दिनचर्या, गटचर्चा, घरच्यांसाठी वेगळ्या बैठका हा तिथला साचा, आणि थोड्याफार फरकाने तो इतरत्रही दिसतो. मी गेलो ते केंद्र दुसरं होतं. नावाला महत्त्व नाही.

केंद्राबद्दल मला चांगलंच बोलायचंय. पहिल्या आठवड्यात झोप परत आली. भूक म्हणजे काय असते ते नव्याने कळलं. शेजारच्या कॉटवर एक मुख्याध्यापक, पलीकडे ट्रक ड्रायव्हर, समोर परदेशी राहून आलेला इंजिनिअर. 'आपलं प्रकरण जरा वेगळं आहे' हा जो प्रत्येक पिणाऱ्याचा लाडका समज असतो, तो अशा खोलीत फार दिवस टिकत नाही. घरच्यांनाही महिनाभर शांत झोप लागते. हा फायदा कुठल्या पत्रकात छापत नाहीत, पण मोठा आहे.

केंद्र निवडताना एवढं बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. म्हणून नोंदणी आहे का ते विचारा, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा, पेशंटला घरी फोन करता येतो का तेही विचारा. 'तुम्ही काळजी करू नका, रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील' असं कुणी म्हणालं तर फोन तिथेच ठेवा.

माझं केंद्राशी जे बिनसलं, त्यात केंद्राचा काहीच दोष नाही. मी आत असताना बाहेर काय सांगायचं, हा प्रश्न होता. मध्यम आकाराचं गाव, त्यात आमचं घर बाजारपेठेत. महिनाभर माणूस दिसत नाही म्हणजे कारण हवं. आईने नातेवाइकांना सांगितलं, हैदराबादला ट्रेनिंगला गेलाय. भावाने ऑफिसात कळवलं, कावीळ झालीय. दोघांनीही माझी अब्रू राखायलाच हे केलं. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या नावावर दोन गोष्टी तयार होत्या, आणि दोन्ही मलाच सांभाळायच्या होत्या. मावशीला चारमिनारबद्दल ऐकायचं होतं. ऑफिसातला शिपाई काविळीवरचं गावठी औषध घेऊन आला. चुलतभावाचा मेहुणा आमच्याच ऑफिसात, त्यामुळे कुठल्याही लग्नात या दोन गोष्टी समोरासमोर येतील या धास्तीने मी लग्नंच टाळायला लागलो.

पिणाऱ्याने आयुष्यात सर्वांत जास्त सराव कशाचा केलेला असतो? थापांचा. कुठे होतास, किती घेतलीस, पैसे कुठे गेले. केंद्रात आम्हाला रोज सांगत, आजपासून खरं बोलायचं. आणि बाहेर पडल्या क्षणापासून हैदराबादचं हवामान सांगायची वेळ. शिवाय या थापेला मुदत होती. काविळीचं पथ्य कधीतरी संपतंच. काही महिन्यांनी ऑफिसच्या पार्टीत एकाने अगदी प्रेमाने ग्लास पुढे केला. म्हणाला, 'आता रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग एखादी घ्यायला काय हरकत आहे?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं कारण सांगितलं असतं तर तो विषय कायमचा संपला असता, पण ते सांगायची सोय आम्ही सगळ्यांनी मिळून बंद करून टाकली होती. त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून निघालो. म्हणजे तिसरी थाप. फॉलो-अपला दुसऱ्या शहरात जायचं तर दर वेळी चौथी, पाचवी.

हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. तुमच्या ऑफिसला माहीत असेल, साहेबच सुटी मंजूर करून पाठवत असेल, किंवा तुम्ही अशा शहरात राहता जिथे महिनाभर दिसला नाहीत तरी कुणी विचारत नाही, तर वरचे दोन परिच्छेद विसरा. माझ्यापुरता मात्र तराजू इथेच कलला.

गोळीचं त्या मानाने थोडक्यात. डायसल्फिराम ही जुनी गोळी, १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये तिचा हा गुण लक्षात आला. दारू शरीरात पचताना मधे जो अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, त्याचं पुढचं विघटन ती अडवते. वर दारू घेतली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, कधीकधी जिवावरही बेततं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून ती पेशंटला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरनेच द्यायची. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात. चहात कालवून काहीही देऊ नका. न सांगता दिलेली गोळी आणि वर क्वार्टर हा माणूस मारायचा उपाय आहे.

गोळीने मला मदत केली, नाही म्हणत नाही. सकाळी एकदा घेतली की दिवसभराचा वाद मिटतो. पण गोळी रोज कुणाच्यातरी समोर घेतली तरच तिचा उपयोग, असं डॉक्टर सांगतात आणि ते खरं आहे. आमच्याकडे ते काम हिच्याकडे आलं. ही पाण्याचा पेला घेऊन समोर उभी, मी गिळतो, मग तोंड उघडून दाखवतो. तिला ते माझ्यापेक्षाही नकोसं झालं. आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध यांची लेबलं वाचत बसणं वेगळंच. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकाम्प्रोसेट ही तल्लफ कमी करणारी औषधं आहेत, त्यांना पहारा लागत नाही. डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. माझ्या एका मित्राचं निम्मं काम नाल्ट्रेक्सोनने केलं. माझ्या बाबतीत संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळेचं काय करायचं, हे कुठल्याच गोळीने सांगितलं नाही.

आणि मीटिंग भरते नेमकी त्याच वेळेला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही हाताबाहेर गेलेले पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही पिणाऱ्यांची संघटना (एए) उभी राहिली ती तिथून. भारतात ती १९५७मध्ये आली. आमच्या गावातली मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. फी नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने टाकावं.

मीटिंगमधली खटकणारी गोष्ट आधी सांगून टाकतो. देव फार येतो. 'आम्हाला उमगलेला ईश्वर' असं म्हणायची सोय आहे, पण बोलणारा गजानन महाराजांवर गेला की पंधरा मिनिटं परत येत नाही. अंनिसची वार्तापत्रं येणाऱ्या घरातला मी, पहिले काही आठवडे दात आवळून बसायचो. तेच तेच किस्से ऐकावे लागतात. एखादा ज्येष्ठ सभासद डॉक्टरांच्या गोळ्यांनाही 'नशाच ती' म्हणतो. त्याचं ऐकू नका, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद करा. बायका फार कमी दिसतात, आणि एकट्या बाईला अशा खोलीत बसणं अवघड जात असणार हे उघड आहे. त्यांच्यासाठी स्त्रियांचा वेगळा विभाग असलेलं केंद्र मला जास्त योग्य वाटतं.

तरी मी टिकलो, कारण तिथे जायला थाप लागत नाही. तास-दीड तासाचं काम, जेवायला घरी. गल्लीत कुणाला काही समजवावं लागत नाही. आत बसलेल्या कुणी ओळखलं तरी तोही त्याच कामाला आलेला. आणि आत गेलं की नाव सांगितल्यावर पहिलंच वाक्य खरं बोलावं लागतं, रोज. काही महिन्यांत ती सवय बाहेरही झिरपली. ऑफिसातल्या त्याच मित्राला एक दिवस सांगितलं, कावीळ वगैरे काही नव्हतं, दारू सोडलीय. तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.' त्यानंतर त्याने ग्लास पुढे केला नाही. दुसरं म्हणजे, अमावस्या असो की दिवाळीचा बोनस, तल्लफ आली की फोन करायला एक माणूस असतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. माझा स्पॉन्सर रिटायर्ड कंडक्टर आहे. रात्री अकरालाही फोन उचलतो आणि उपदेश करत नाही. जेवलास का, एवढंच विचारतो.

हे सगळं माझ्या अनुभवाचं झालं. संशोधन काय म्हणतं? १९९७मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १,७२६ पेशंट, तीन प्रकारच्या उपचारपद्धती, आणि हेतू असा की कुठल्या माणसाला कुठली पद्धत जुळेल ते आधीच ओळखता यावं. तिन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे आले, आणि जुळणीचे बहुतेक अंदाज फसले. म्हणजे मी हा लेख लिहून जे करू पाहतोय ते त्यांना फारसं जमलं नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. २०२०मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांचा एकत्रित आढावा घेतला. माणसाला पद्धतशीरपणे एएकडे नेणाऱ्या उपचारांत वर्षाअखेर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के होते, तर इतर मानसोपचारांत ३५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण फुकटच्या बाकांच्या मानाने वाईटही नाही. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, तेव्हा आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे धरावा.

उलट बाजूही आहे. घरीच बाटली फुटत असेल, भाऊ-वडील पिणारे असतील, किंवा हाणामारीपर्यंत गोष्ट गेली असेल, तर मीटिंगचा एक तास उरलेल्या तेवीस तासांना पुरत नाही. तिथे आधी केंद्रच, आणि घरच्या बाईच्या सुरक्षिततेची सोय त्याहूनही आधी. ब्राउन शुगरवाल्यांचं गणित निराळं आहे. त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालवावं लागतं, आणि नुसत्या निश्चयावर त्यांना सोडू नये. आणि ज्याचं पिणं वाढलंय पण शरीराला अजून दारू लागत नाही, त्याला यातलं काहीच लागणार नाही कदाचित. गोव्यात संगथ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, आदल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले त्या गटात ४२ टक्के होते, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत १८.

आपल्याकडे खरी अडचण निवडीची नाहीच म्हणा. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि भरती होऊन उपचार १८० मागे एकाला. तेव्हा जवळ केंद्रच असेल आणि मीटिंग तीन तालुके लांब असेल, तर माझं ऐकून केंद्र सोडू नका. कुठे काय आहे ते कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

मीटिंग बघायची ठरलीच तर आधी फोन करून ओपन मीटिंग कुठल्या दिवशी असते ते विचारा. बाकीच्या दिवशी फक्त पिणारे बसतात, ओपनला बायको किंवा भाऊ सोबत आलेला चालतो. निदान चार-पाच वेळा जा, आणि जमलं तर दोन वेगवेगळे ग्रुप बघा. एकाच ग्रुपवरून मत करू नका, महाराजांवर बोलणारा माणूस प्रत्येक ठिकाणी नसतो. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनची बैठक वेगळी असते. आमची ही आधी तिथे गेली, मी नंतर.