हीटर ‘गेला’ सांगून ९५ हजार उकळले, दोष होता व्हॉल्व्हचा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे आणि त्याला लागून गरम पाण्याचा छोटा स्पा. मुंबईच्या हवेत गरम पाणी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडचे गुडघेदुखीने बेजार झालेले ज्येष्ठ सकाळी त्याच पाण्यात व्यायाम करतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असलं की त्यांचा व्यायाम बंद. आमच्या एएमसीवाल्याने, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेल्या माणसाने, नेमकी ही निकड हेरली. मी कमिटीची खजिनदार आहे, सगळे कागद माझ्याकडे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

स्पाचं पाणी तापवणाऱ्या मशीनच्या, म्हणजे हीट पंपाच्या डिस्प्लेवर पाण्याचा फ्लो कमी असल्याचा एरर येऊन मशीन बंद पडू लागलं. एएमसीवाला म्हणाला, “मॅडम, आतली टायटॅनियमची कॉइल चोक झालीय. बदलल्याशिवाय इलाज नाही.” ९५,००० चं कोटेशन, रक्कम आगाऊ. काम रात्री, पूल बंद झाल्यावर झालं. जुनी कॉइल दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, “ती बायबॅकमध्ये कंपनीला गेली.” एरर गेला, पाणी तापलं, आजी-आजोबा खूश झाले.

थोड्याच आठवड्यांत मशीन पुन्हा मध्येच ट्रिप व्हायला लागलं. आता म्हणे कॉम्प्रेसर गेला, २ लाख १० हजार लागतील. तेव्हा मी माझ्या मावसभावाला बोलावलं. तो एका हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये आहे.

तो मशीनकडे गेलाच नाही, आधी पाइप बघत बसला. पंप स्पातून पाणी ओढतो, ते सँड फिल्टरमधून जातं, मग हीट पंपातून, आणि तापून परत स्पात. हीट पंपाजवळ तीन व्हॉल्व्ह असतात: एक आत जाणाऱ्या पाण्याचा, एक बाहेर येणाऱ्याचा आणि दोघांना जोडणारा बायपास. “ताई, हँडल पाइपाच्या रेषेत असलं की व्हॉल्व्ह उघडा, आडवं असलं की बंद,” तो म्हणाला. बायपासच्या पाइपावर मार्करची जुनी खूण होती. पूल सुरू करून देणाऱ्यांनी हँडल कुठे ठेवायचं ते आखून दिलं होतं. दुसरी, ताजी खूण बायपास पूर्ण उघडा ठेवण्याची होती. बायपास सताड उघडा असला की पाणी सोप्या वाटेने निघून जातं, मशीनमधून पुरेसं फिरतच नाही, आणि पाण्याचा प्रवाह ओळखणारा फ्लो स्विच मशीन बंद करतो. आमचा पहिला एरर हाच!

मग फिल्टरचा प्रेशर गेज. स्वच्छ फिल्टरचं रीडिंग टाकीवर लिहिलेलं होतं, ०.८ बार. काटा १.६ वर होता. स्वच्छ रीडिंगपेक्षा ०.५ ते ०.७ बार वर गेलं की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं) करायचा असतो, आणि बॅकवॉशचे पैसे आम्ही एएमसीत दर महिन्याला देत होतो. वर स्पाचे दोन्ही थ्री-वे व्हॉल्व्ह (पाण्याची वाट पूलकडे की स्पाकडे ते ठरवणारे), पाणी ओढण्याचा आणि परत सोडण्याचा, अर्धवट पूलकडे वळलेले. म्हणजे तापलेलं पाणी मोठ्या पूलमध्ये चाललं होतं.

सगळ्यात संताप आला तो पुढे. वायरिंगच्या डब्यात फ्लो स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून काळी टेप गुंडाळलेली होती. एरर गेला होता तो असा! आता पाणी कमी झालं तरी मशीनला कळत नव्हतं, मशीनच्या आतल्या गॅसचं प्रेशर वाढून ते ट्रिप होत होतं, आणि त्यालाच एएमसीवाला कॉम्प्रेसरचा बिघाड म्हणत होता. कॉइलच्या पॅनलचे स्क्रू गंजून रंगाखाली चिकटलेले होते, कारखान्यातला रंगाचा थर कुठेही तुटलेला नव्हता. ते पॅनल कधी उघडलंच गेलं नव्हतं.

वायरी स्विचला जोडल्या, बॅकवॉश केला, बायपास जुन्या खुणेवर आणला, थ्री-वे व्हॉल्व्ह स्पाकडे फिरवले. पाणी तापलं. खर्च शून्य.

आणखी एक थाप एएमसीवाला नेहमी मारायचा: तासाभरात पाणी गरम झालं नाही म्हणजे मशीन कमजोर. १,००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. आमचा ४,००० लिटरचा स्पा २८ वरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे ४६ युनिट झाले. १५ किलोवॉट उष्णता देणारं मशीन त्याला तीन तास घेणारच.

आम्ही खुणा, वायरी आणि स्क्रूंचे फोटो काढून त्याला लेखी नोटीस दिली. तो फोन उचलत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहकारी संस्थाही येते, आणि घटनेपासून दोन वर्षांत दाद मागावी लागते.

आसपासच्या कितीतरी टॉवर्सचं एएमसी आजही त्याच माणसाकडे आहे. तुमच्याकडे कॉइल किंवा कॉम्प्रेसरचं कोटेशन आलं, तर चेक देण्याआधी गेजचा आणि तिन्ही हँडलांचा फोटो काढा, आणि जुना पार्ट सोसायटीच्या ऑफिसात जमा होईल असं कोटेशनवरच लिहून घ्या.