जुन्या लॅपटॉपची डिस्क, साडेसहाशेची केस आणि सात महिने

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर नवा लॅपटॉप घेतला. जुना २०१४ सालचा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद व्हायचे होते आणि विंडोज ११ काही त्याच्यावर चढत नव्हतं. तसा तो ठीक चालायचा. फक्त बॅटरी मेलेली, त्यामुळे इथे गोव्यातल्या फोंड्यात पावसात वीज गेली की तोही गेला.

आत ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यातली ३०० च्या आसपास भरलेली. शाळेच्या प्रश्नपत्रिका, माटोळीचे (गणपतीवर बांधतो त्या फळाफुलांच्या चौकटीचे) फोटो, जत्रेतल्या नाटकांचे व्हिडिओ आणि बाबांच्या आवाजातल्या, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या घुमट आरत्या.

हे सगळं नव्या लॅपटॉपवर आणायला आधी ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन बसले. दहा खेपा होणार हे दिसतच होतं, पण एका नाटकाची साडेसहा जीबीची फाइल काही केल्या जाईना. ड्राइव्ह अर्धा रिकामा, तरी म्हणे फाइल फार मोठी! तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीच्या वरची एकही फाइल मावत नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर गेली. मग वायफायवरून फोल्डर शेअर करून पाहिलं. दोनदा मध्येच वीज गेली आणि कुठवर आलं होतं ते शोधण्यातच संध्याकाळ संपली.

शेवटी केस मागवली, ६५० रुपयांना: जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची साटा जोडणीची डिस्क काढून आत बसवायची आणि यूएसबी ३ ने नव्याला जोडायची, अशी डबी. मडगावचा भाचा आला होता. तो म्हणाला, "मावशी, लॅपटॉप चालू आहे तोवर पासवर्ड वगैरे बघून घे, स्क्रू मग काढू." मी म्हटलं, काढ रे, सगळं डिस्कमध्येच आहे ना.

केस निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला लावायची. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या वर वेग मिळत नाही. माझे मोठे व्हिडिओ ९० च्या आसपास जात होते. फोटोंचं फोल्डर आलं की मात्र बैलगाडी, कारण फाइली बारक्या आणि हजारोंनी. युजर्सच्या फोल्डरला परवानगी नाही म्हणून अडलं, तिथे कंटिन्यू दाबून बराच वेळ थांबावं लागलं. रात्री नऊला सुरू केलं ते दोनला संपलं. मध्ये एकदा वीज गेली, पण केस नव्या लॅपटॉपच्या बॅटरीवरच चालत होती, काही बिघडलं नाही. त्या रात्री विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता जे आलं नाही ते. ब्राउझरमधले पासवर्ड दुसऱ्याच दिवशी लक्षात आले. फोल्डर जसंच्या तसं आणलं होतं, पण पासवर्ड जुन्या विंडोजच्या खात्याशी बांधून कुलूपबंद असतात, नुसते उचलून आणले तर उघडत नाहीत. डिस्क परत जुन्यात घातली, चालू केली, पासवर्ड ब्राउझरच्या ऑनलाइन खात्यात सिंक केले. भाच्याने फोनवर हसून घेतलं.

खरा दणका सहामाही परीक्षेच्या वेळी. जुनी प्रश्नपत्रिका उघडली तर पानभर रोमन अक्षरं, त्यांच्यावर टोप्या आणि टिंबं. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या आजच्या अक्षरांच्या, आधीचे फॉन्ट! ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात होते आणि मी फक्त माझं युजरचं फोल्डर आणलेलं. जुन्या डिस्कवरून फॉन्ट उचलून बसवले तेव्हा मराठी दिसली. पण दिसली म्हणजे झालं असं नाही. तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की पुन्हा टोप्या. म्हणून कन्व्हर्टरने युनिकोड करायला घेतला, तर 'पर्वरी'ची 'पवर्री' झाली. जुन्या फॉन्टांत रफार अक्षराच्या मागून टाइप करायचो, युनिकोडमध्ये तो आधी येतो, आणि साधे कन्व्हर्टर तिथेच घसरतात. पहिल्या वेलांटीचं उलटं: तेव्हा आधी, आता नंतर. प्रत्येक 'र्' डोळ्यांनी तपासत बसले. पाचवी ते सातवी झाली, बाकीच्या मे महिन्याच्या सुट्टीत.

आणि डिसेंबरात कळलं की घुमट आरत्या आलेल्याच नाहीत. त्या माझ्या फोल्डराबाहेर, सगळ्यांसाठीच्या पब्लिक फोल्डरातल्या म्युझिकमध्ये होत्या, कोणी कधी ठेवल्या देव जाणे. आळसाने डिस्क पुसली नव्हती म्हणून मिळाल्या. आता त्यांच्या तीन प्रती आहेत, एक भाच्याकडे.

केसबद्दल: धातूची आहे, तासाभराने चांगली तापते. चौथ्या महिन्यात केबल ढिली झाली, जरा हात लागला की डिस्क गायब. १५० रुपयांची दुसरी केबल घेतल्यावर तक्रार नाही. इथल्या दमट हवेसाठी ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात असते. एक ध्यानात ठेवा, हीच युक्ती पुढच्या खेपेला चालणार नाही. नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ चा, छोट्या पट्टीसारखा एसएसडी आहे, तो या केसमध्ये बसतच नाही. शिवाय तो एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद, ४८ आकड्यांची रिकव्हरी की नसेल तर बाहेर काढून उपयोग शून्य. ती की कागदावर छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.

केसला पाचपैकी चार. डिस्क अजून पुसलेली नाही. शिमग्याला भाचा आला तेव्हा म्हणाला, "मावशी, आता तरी फॉरमॅट कर." म्हटलं, येत्या चवथीनंतर बघू.