शॉवरला जोर हवा: टाकी उंच करावी की प्रेशर पंप बसवावा?

सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवरची धार बारीक पडते, कारण टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते. दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे टाकी मीटरभर उचलून फक्त ०.१ बार वाढणार, आणि १,००० लिटरचं टनभर वजन स्लॅबला पेलायला हवं. वीज लागत नाही, एवढंच.

मी पंपच निवडेन. पण तो बाथरूममध्ये नको; गच्चीवर टाकीच्या आउटलेटला, पावसापासून आडोशाला बसवा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी ते करून घ्या. ओल्या अंगाला बसलेला शॉक जीव घेतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालणारा पाइप, ठेवला की वीज गेली तरी पाणी येतं. गीझरवर लिहिलेला कमाल दाबही तपासा; पंपाचा दाब त्याहून जास्त नको.