नाव १०५० टीआय, पोटात भलतंच

ग्राफिक्स कार्ड हातात आलं की माणूस खोक्यावरचं नाव बघतो, पंख्यावरचा स्टिकर बघतो आणि बसवून झालं की विंडोजमध्ये जाऊन एकदा खात्री करून घेतो. मी ऑनलाइन मागवलेल्या कार्डाने या तिन्ही ठिकाणी 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' असंच सांगितलं. तिन्ही ठिकाणी धादांत खोटं. वापरलेली किंवा 'नवीसारखी' कार्डं शोधत असाल तर पुढचं सगळं वाचा, कारण ही फसवणूक खोक्यात केलेली नसते, कार्डाच्या आत केलेली असते.

कार्ड भाच्यासाठी हवं होतं. त्याचा संगणक जुना, पॉवर सप्लाय बेताचा. अशा मशीनला १०५० टीआय छान जमतं. २०१६ च्या ऑक्टोबरात आलेलं हे कार्ड ७५ वॅटमध्ये भागवतं. मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच तेवढी वीज मिळते, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी केबल जोडावीच लागत नाही. जुन्या मशीनवाले आजही हेच नाव शोधत बसतात आणि भामट्यांनाही ते पक्कं ठाऊक असतं.

विक्रेत्याची जाहिरात साधी, नीटनेटकी होती. स्वच्छ फोटो, सोबत जीपीयू-झेड या, कार्डाची सगळी माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट. त्यात ७६८ कोअर (चिपमधली गणितं करणारी युनिटं), १२८ बिटांची मेमरी बस, ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी, सगळे आकडे जिथल्या तिथे. या स्क्रीनशॉटकडे पुन्हा येऊ, कारण खरी मेख त्यातच होती.

कार्ड आलं. मागच्या पट्टीवर एचडीएमआय आणि डीव्हीआयच्या शेजारी निळं व्हीजीए सॉकेट. वरच्या कडेला सहा पिनांचं पॉवर कनेक्टर. मी लगेच मेसेज टाकला. उत्तर आलं, "सर, हे ओव्हरक्लॉक मॉडेल आहे, म्हणून जादा पॉवर. आणि व्हीजीए जुन्या मॉनिटरवाल्यांसाठी खास दिलंय." यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. काही ब्रँडनी १०५० टीआयच्या वेगवान मॉडेलांना सहा पिनांचं कनेक्टर खरंच दिलं होतं, त्यामुळे नुसत्या कनेक्टरवरून काही सिद्ध होत नाही. दुसरा भाग मात्र थापच. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं आहे त्या पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेरच येत नाही. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तो काढून टाकला. व्हीजीए हे अ‍ॅनालॉग सॉकेट. मग ते या कार्डावर कशाला असेल? पास्कलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कार्डावर निळं सॉकेट दिसलं तर पुढचं काही न बघता जाहिरात बंद केली तरी चालेल.

खोक्यात एक सीडीही होती आणि तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी: 'फक्त हाच ड्रायव्हर वापरा. अपडेट करू नका. विंडोज अपडेट बंद ठेवा.' मेसेजमध्येही त्याने हेच पुन्हा बजावलं, "सर, नवीन ड्रायव्हरमध्ये बग आहे." ग्राहकाची केवढी ही काळजी!

सीडीतला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारा प्रोग्राम, टाकला आणि कार्ड चालू झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरी बरोबर. भाच्याचे जुने गेम चालले, तोही खूश. मग त्याने आपला खेळ रेकॉर्ड करायला ओबीएस उघडलं. "मामा, एनव्हेंक दिसतच नाहीये इथे," म्हणाला. मी जाऊन बघितलं. एन्कोडरच्या यादीत फक्त प्रोसेसरवर चालणारा पर्याय. एनव्हेंक म्हणजे कार्डाच्या चिपमध्येच असलेली व्हिडिओ एन्कोड करायची वेगळी यंत्रणा. ती २०१२ च्या केप्लर पिढीपासून आली. १०५० टीआयमध्ये ती असतेच. इथे ती नाही, म्हणजे आतली चिप बहुधा केप्लरच्याही आधीची.

मग एका गेममध्ये टेक्श्चरचा दर्जा वाढवत नेला. मेमरीचा वापर एक जीबीच्या आसपास जाईपर्यंत सगळं ठीक, त्यापुढे पडद्यावर हिरवे-जांभळे पट्टे आणि मशीन ठप्प. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे चार जीबी नुसती सांगायला होती.

शेवटी जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती उतरवली. नावाच्या आधी 'फेक' असा शब्द आणि एनव्हिडियाच्या चिन्हाच्या जागी पिवळा इशारा. ही सोय या प्रोग्राममध्ये २०१८ साली आली. विक्रेत्याच्या स्क्रीनशॉटमध्ये आवृत्तीचा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात होता, तो मोठा करून बघितला. त्याआधीची आवृत्ती निघाली. इतक्या जुन्या आवृत्तीत स्क्रीनशॉट कोण आणि कशासाठी काढतो, ते वेगळं सांगायला नको.

हे होतं कसं? प्रत्येक कार्डावर एक छोटी मेमरी चिप असते, तिच्यात कार्डाचा बायोस, म्हणजे कार्ड सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम. कार्डाचं नाव, मेमरी किती, ओळख क्रमांक कोणता, ही माहिती विंडोजला तिथूनच मिळते. केप्लरच्या आधीच्या, २०१० ते २०१२ च्या सुमाराच्या फर्मी पिढीतल्या कार्डांचा बायोस सहज बदलता येतो, बदललेला बायोस कार्डात लिहायला एनव्हीफ्लॅशसारखं साधं साधन पुरतं. नाव बदलायचं, ओळख क्रमांक बदलायचा, १ जीबीच्या जागी ४ जीबी लिहायचं. पास्कलपासून कंपनीने बायोसवर डिजिटल सहीची अट घातली, त्यामुळे नव्या कार्डांशी असा खेळ जमत नाही. म्हणून नकली माल नेहमी जुन्या चिपांचाच असतो: जीटीएस ४५०, जीटीएक्स ५५० टीआय अशी भंगारात निघालेली कार्डं, वर नवा पंखा, नवं कव्हर, नवा स्टिकर. विंडोजला कार्डाचं नाव विचारणं म्हणजे तोतयालाच त्याचं ओळखपत्र मागण्यासारखं आहे, तो खिशातून काढून दाखवणारच.

ड्रायव्हरच्या चिठ्ठीचं गुपितही यातच आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या बनवाबनवीतला सर्वांत हुशार भाग हाच. ऑक्टोबर २०१६ पासून ३९१.३५ या आवृत्तीपर्यंत, म्हणजे मार्च २०१८ पर्यंत, एनव्हिडियाच्या एकाच ड्रायव्हरमध्ये फर्मी आणि १०५० टीआय या दोन्हींचा कोड होता. ओळख क्रमांक १०५० टीआयचा, म्हणून विंडोज ड्रायव्हर चढवू देतं. आत चिप फर्मीची, तिचाही कोड त्याच ड्रायव्हरमध्ये आहे, म्हणून कार्ड चालतं. दीड वर्षाची ही खिडकी नसती तर हा धंदा इतका सुखाने चालला नसता. त्यानंतरच्या ड्रायव्हरमधून फर्मी काढून टाकलं. नवा ड्रायव्हर टाकला की विंडोज त्याला १०५० टीआय समजून बसवतं, ड्रायव्हर आतली चिप बघतो, ती त्याच्या ओळखीची नसते, आणि मग काळा पडदा नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' हा बिघाडाचा संदेश. विंडोज अपडेट चालू राहिलं तर हे आपोआपही होऊ शकतं, म्हणून ते बंद ठेवायचा आग्रह. खऱ्या कार्डाला असलं पथ्य नसतं. 'ड्रायव्हर अपडेट करू नका' असं विक्रेता लेखी सांगत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, पुढे तो सोन्याचा ठरतो. माझ्या बाबतीत ठरला.

वेगाचं म्हणाल तर ५५० टीआयमध्ये १९२ कोअर, १०५० टीआयमध्ये ७६८. जुन्या चिपमधले कोअर जास्त क्लॉक स्पीडने धावतात, त्यामुळे कागदावरचा फरक चौपटीऐवजी साधारण तिपटीचा राहतो. पण वल्कन या नव्या ग्राफिक्स प्रणालीवर चालणारा गेम फर्मीवर सुरूच होत नाही, तिथे तिप्पट-चौपट बोलण्यात अर्थ नाही. शिवाय वीज ११६ वॅटपर्यंत. म्हणजे कमी वीज खाणारं कार्ड घ्यायला गेलो आणि बेताच्या पॉवर सप्लायवर जास्तीचा भार घरी आणला. वेग कमी मिळाला याच्यापेक्षा मला हाच राग जास्त आहे. दुसऱ्याच्या घरातलं मशीन जळेल का, याची या लोकांना काहीही पडलेली नसते.

तक्रार टाकल्यावर विक्रेत्याचा सूर पालटला. आधी "सर, तुमचा पॉवर सप्लाय कमी पडतोय." मग "विंडोज नव्याने टाकून बघा." मग "बायोसची नवी फाइल पाठवतो, ती टाका." ही फाइल चुकूनही टाकू नका. कार्ड बंद पडलं तर तुम्हीच बिघडवलं असं म्हणायला तो मोकळा, आणि पुरावाही गेला. त्यानंतर थोडे पैसे परत देऊ, तक्रार मागे घ्या, अशी तडजोड. प्रत्येक उत्तराला मुद्दाम वेळ लावत होता, कारण अशा साइटवर तक्रारीची मुदत ठरलेली असते आणि तक्रार एकदा मागे घेतली की बहुतेक ठिकाणी पुन्हा उघडत नाही. गोडीगुलाबीने मुदत टाळून नेणं हाच त्याचा डाव.

साइटच्या मदत विभागाने आधी फोटो मागितले. फोटोत काय, १०५० टीआयचा स्टिकरच दिसणार. तांत्रिक वाद घालत बसलो असतो तर काही हाती लागलं नसतं. मी तीनच गोष्टी पाठवल्या: जीपीयू-झेडमधला 'फेक' दिसणारा स्क्रीनशॉट, 'अपडेट करू नका' हा त्याचा मेसेज, आणि एक सलग व्हिडिओ. व्हिडिओत आधी कार्डावरचा सीरियल नंबर, मग तेच कार्ड मशीनमध्ये, मग पडद्यावर कंपनीच्या साइटवरून घेतलेला ताजा ड्रायव्हर आणि कोड ४३. सलग हवा, कारण मध्ये तोडला की कार्ड बदललं असं म्हणता येतं. पैसे परत आले. कार्ड परत मागवण्याची तसदी त्याने घेतली नाही. का घेईल? भंगारच ते.

पैसे खात्यात जमा झाल्यावरच मी चिप थंड ठेवणारा, तिच्यावरचा हीटसिंक काढला. तक्रार चालू असताना स्क्रूला हात लावू नका, नाहीतर छेडछाडीचा ठपका येतो. जुनी, वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसली आणि खाली अक्षरं दिसली: जीएफ११६, म्हणजे ५५० टीआयमध्ये असते ती चिप. खऱ्या १०५० टीआयवर तिथे जीपी१०७ असतं. शेजारच्या ओळीत चार आकडी कोड, पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. सुरुवात ११ ने होती. म्हणजे १०५० टीआय जन्माला यायच्या पाच वर्षं आधीची चिप. भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, हे तर माझ्या शाळेच्याही आधीचं."

हाच प्रकार पेनड्राइव्हमध्ये आणि स्वस्तातल्या 'भरपूर टीबी'च्या एसएसडीमध्येही चालतो. आतला कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो, खरी जागा संपली की नव्या फाइल जुन्यांच्या डोक्यावर बसतात किंवा हवेत विरतात, आणि फोल्डरमध्ये नावं मात्र सगळी दिसत राहतात. तिथेही प्रॉपर्टीज उघडून काही कळत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ ही साधनं पूर्ण जागा भरून परत वाचतात, ती वापरा. वेळ लागतो, लागू दे.

कंपन्यांनीही नावांचा घोळ घालून ठेवलाय, हे जाता जाता सांगतो. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबीवाल्यात १२८० कोअर आणि ३ जीबीवाल्यात ११५२, नाव मात्र एकच. जीटी १०३० चं २०१८ साली आलेलं डीडीआर४ मॉडेल मूळ जीडीडीआर५ मॉडेलपेक्षा बरंच संथ, तरी नाव तेच. ही फसवणूक नव्हे, माहिती खोक्यावर लिहिलेली असते. पण नावावरून कार्ड ओळखायची सवय लागलेल्या ग्राहकाला भामट्यापुढे उभं करायला एवढं पुरतं.

दुसरं कार्ड शोधताना मी पैसे देण्याआधीच व्हिडिओ मागायला लागलो. मागची पट्टी जवळून दाखवा, ताज्या जीपीयू-झेडचं पहिलं पान दाखवा, ड्रायव्हर या वर्षातला असू दे, आणि ओबीएसमध्ये एन्कोडरची यादी उघडा. एकाने लिहिलं, "इतका संशय असेल तर नवीन घ्या सर," आणि मला ब्लॉक केलं. आणखी एकाने जीपीयू-झेडचा फोटो पाठवला, कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा नेमका कापलेला. मग एक विद्यार्थी भेटला. त्याने बडबड न करता व्हिडिओ पाठवला, यादीत एनव्हेंक होतं, पट्टीवर निळं सॉकेट नव्हतं. भाच्याच्या मशीनमध्ये सध्या ते कार्ड आहे, आणि विंडोज अपडेट चालू आहे.