‘सीनियर’ची सही आणि माझे साडेआठशे पौंड

इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला राहायचं म्हणजे जॉन फ्रेडरिक हेरिंगचं नाव कानावर पडतंच. हा गडी प्रवासी घोडागाडी हाकायचा, सरायांच्या पाट्या रंगवायचा. मग इथल्या सेंट लेजर शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्यांची चित्रं वर्षानुवर्षं काढत राहिला. माझ्या बाबांनी पुण्याच्या रेसकोर्सवर पगार उधळलेले, त्यामुळे हे वेड मला घरचंच.

मागच्या मार्चमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात एक तैलचित्र दिसलं. घोडा, वर जॉकी, खाली कोपऱ्यात ‘जे. एफ. हेरिंग सीनियर, 1829’. म्हातारा विक्रेता किमतीचं नावही काढेना. नुसता “हो का?” म्हणत ऐकत होता आणि मी शहाणा माहिती पुरवत होतो. त्या वर्षी सेंट लेजर राउटन नावाच्या घोड्याने जिंकली, हे मीच बोललो. “मग हा राउटनच,” त्याने लगेच बारसं उरकलं. साडेआठशे पौंड, रोख. खऱ्या हेरिंगला याच्या कितीतरी पट पैसे पडतात हे मला ठाऊक होतं, म्हणून तर हात शिवशिवत होते.

घरी अतिनील टॉर्च मारला. जुनं व्हार्निश हिरवट चमकलं आणि सही त्याच्यावर काळीकुट्ट उठून दिसली. म्हणजे व्हार्निशनंतर कधीतरी केलेली. खरं तर टॉर्चचीही गरज नव्हती. हेरिंगच्या मुलाचं नावही जॉन फ्रेडरिक, तोही बापाच्याच ढंगात घोडे रंगवायचा. गल्लत नको म्हणून बापाने 1836 मध्ये सहीत ‘सीनियर’ जोडायला सुरुवात केली. मग 1829 च्या चित्रावर ‘सीनियर’ आला कुठून? आणि ही गोष्ट मी मित्रांना चहावर दोनदा तरी सांगितली असेल!

पावती काढली. ‘आफ्टर जे. एफ. हेरिंग’. इथल्या चित्रबाजारात ‘आफ्टर’ म्हणजे सरळ नक्कल. ‘मॅनर ऑफ’ (त्याच्या ढंगातलं), ‘सर्कल ऑफ’ (त्याच्या वर्तुळातल्या कुणाचं तरी) याही तसल्याच पळवाटा. पावतीवर चित्रकाराचं नुसतं नाव, कुठलंही शेपूट न लावता, लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल तर पाकीट खिशातच ठेवा.

मी भांडायला गेलो. म्हाताऱ्याने पावतीवर बोट ठेवलं. मी तावातावाने त्याला 1836 चा सगळा इतिहास ऐकवला.

गेल्या महिन्यात त्याच गाळ्यावर नवा घोडा होता. सही तीच, ‘सीनियर’सकट. साल 1838.